शुक्रवारचं दही

आमच्या घरात भिंतीला टेकून कुणी फोनवर बोलत नाही. टेकलं की आवाज थरथरतो आणि पलीकडचा विचारतो, रिक्षात आहेस का. भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना आहे. भिवंडीच्या कामतघरमध्ये हे कुणाला मुद्दाम सांगावं लागत नाही, सगळ्यांच्याच भिंतीपलीकडे काही ना काही चालू असतं. पाहुणे आले की विचारतात, या खटखटीत तुम्ही झोपता कसे. आम्ही त्यांच्याकडे बघत राहतो, कारण कसली खटखट ते आम्हाला क्षणभर कळतच नाही. मी याच खोल्यांमध्ये जन्मले आणि लग्न मोडल्यावर परत याच खोल्यांमध्ये आले. आई त्याआधीच वारली होती. तेव्हापासून घरात बाबा आणि मी.

बाबा जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. त्याच्याही आधी, तरुणपणी, ते सायझिंगमध्ये होते. तिथे सुताला खळ लावतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. आयुष्यभर त्यांनी यंत्रांची दुखणी काढली आणि स्वतःला कधी सर्दीशिवाय काही झालं नाही, याचा त्यांना फार गर्व होता. गेल्या वर्षी तो उतरला. छातीत संसर्ग झाला, हॉस्पिटलात राहावं लागलं, नळ्या, सुया आणि जहाल औषधं झाली. छाती बरी झाली आणि पोट गेलं.

पोट गेलं म्हणजे काय, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. भात दिला तर पोटात राहत नव्हता, पेज दिली तर राहत नव्हती. गाईम्हशीच्या दुधाचं नाव काढलं तरी ते तोंड फिरवायचे. हातातलं घड्याळ हळूहळू कोपराकडे चढायला लागलं. ते काढून ठेवायला मी सांगितलं तर म्हणाले, "राहू दे, खाली उतरेल तेव्हा कळेल." पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, अन्न पोटात टिकलं नाही तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. आणि बाबांनी घरी आल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, "आता परत मला तिथे नेऊ नको. काय व्हायचं ते इथेच होऊ दे."

"काय व्हायचं ते म्हणजे काय?" मी ओरडले. मला भीती वाटली की राग येतो. लहानपणापासून असंच आहे.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. औषधांनी वाईट जंतू मारले, तसे आतड्यातले चांगले जंतूही मारले. ते परत वसवायला पाहिजेत. शेळीचं दूध कुणाकुणाला सोसतं, तेव्हा त्या दुधाचं दही लावून बघा, विरजण मात्र मी लिहून देते तेच वापरा, त्यात पोटाला लागणारे जिवंत जंतू आहेत. "चाललं तर चाललं," त्या म्हणाल्या. मला ते वाक्य आवडलं. खोटा धीर देणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

विरजणाच्या पुड्या मेडिकलवाल्याने मागवून दिल्या. दुधाचं काय करायचं? भिवंडीत बकऱ्यांना तोटा नाही, सणाच्या आधी तर गल्लीत माणसांपेक्षा बकऱ्या जास्त. पण दूध मागितलं की लोक माझ्याकडे असं बघायचे जसं काही मी कोंबडीचं दूध मागतेय.

मी पडघ्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका गोदामात पॅकिंगची सुपरवायझर आहे. लोक घरबसल्या मागवतात तो माल आमच्याकडून जातो. तिथे हाउसकीपिंगला एक मावशी आहेत, पडघ्याच्या आत डोंगराकडे त्यांचा पाडा. जेवणाच्या सुट्टीत मी बाबांचं रडगाणं कुणालातरी सांगत होते. मावशी बाजूला डबा धूत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शेलीचा दूध पायजे का?"

"मिळेल का मावशी?"

"माझी शेली व्याली हाय. दोन पिला हायत. दूध पिलांचा हाय बाय, आम्ही न्हाय काढत, न्हाय पीत." मग म्हणाल्या, "पन औषधाला पायजे त देन मी."

मी पर्स उघडली तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. औषधाचं दूध त्यांच्याकडे विकत देत नाहीत. विकलं तर शेळी आटते आणि औषधही लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढंच सांगितलं, की डबा मोकळा परत करायचा नाही. तो रिवाज आमच्याकडेही आहे. मग त्यांचा तो कडीचा स्टीलचा डबा दूध घेऊन यायचा आणि आमच्याकडून कधी गूळ, कधी कांदे, कधी बाबांच्या नावाने आलेली सफरचंदं घेऊन जायचा.

पहिलं दही मी मोठ्या विश्वासाने लावलं. इतकी वर्षं घरात रोज दही लागतं, त्यात काय शिकायचंय. दूध तापवलं, कोमट केलं, पुडी घातली, झाकून फळीवर ठेवलं. उघडलं तर खाली पाणी आणि वर तरंगणाऱ्या गुठळ्या. बाबांनी वाटी तिरकी करून पाहिली. "हे दही लावलंस का दह्याचं भांडं विसळलंस?"

तरी त्यांनी मऊ भातात कालवून ते खाल्लं. मी बाजूला बादली घेऊन बसले होते. आम्ही दोघं टीव्ही बघतोय असं दाखवत होतो आणि दोघांचंही लक्ष त्यांच्या पोटाकडे होतं. बातम्या संपल्या, मालिका लागली, तीही संपली. काही झालं नाही. अन्न राहिलं. मी बादली मोरीत नेऊन ठेवली आणि तिथेच थोडं रडून घेतलं. बाहेर आले तर ते झोपले होते, आणि बऱ्याच दिवसांनी घोरत होते.

म्हणजे औषध सापडलं होतं. पण ते टिकवायचं कसं हा प्रश्न होता, आणि तो शिफ्टचा होता. एक आठवडा मावशी आणि मी एका शिफ्टला असायचो. दुसऱ्या आठवड्यात त्यांची शिफ्ट बदलायची. मी पोचायचे तेव्हा त्या जीपने निघून गेलेल्या असायच्या, आणि गोदामात कुणाचं खासगी काही ठेवून जाऊ देत नाहीत. पाड्यावर जाऊन आणावं म्हटलं तर शेळी संध्याकाळी रानातून यायची ती पिलांना पाजतच. पहाटे पिलं सोडायच्या आधी निघेल तेवढंच दूध आमचं. तेव्हा एका आठवड्याच्या दुधावर पुढचा कोरडा आठवडा निभवायला हवा होता. आणि माझं दही तर दोन दिवसांत आंबट ढॅण व्हायचं, तार सुटायची, शेळीचा वास यायचा. कोरड्या आठवड्यात बाबा परत पेजेवर यायचे आणि कमावलेलं सगळं बादलीत जायचं. अशा दोन फेऱ्या झाल्या. डॉक्टरीणबाई काट्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं.

मग मी इरेला पेटले. फोनवर व्हिडिओ बघितले. व्हिडिओतल्या सगळ्या बायकांचं शेळीचं दही घट्ट व्हायचं आणि त्या हसत असायच्या. एकीने दूध पावडर घाला म्हटलं, ती गाईच्या दुधाची निघाली आणि बाबांचं पोट त्या रात्री परत फिरलं. ती पिशवी मी शेजारी देऊन टाकली. मग दूध मंद आचेवर खूप वेळ आटवायला लागले, खाली पाण्याचं पातेलं ठेवून, म्हणजे लागायला नको. त्याने दह्याला जरा अंग आलं. वासाचं मावशींना सांगितलं तर त्या ओशाळल्या. "बोकड जवल बांधतू ना, त्याचा वास दुधाला लागतं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोकड घराच्या मागे नेऊन बांधला. माझ्या बापासाठी, ज्याला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, त्यांच्या घरातल्या बोकडाची जागा बदलली. ही गोष्ट मला अजून आठवते आणि अजून भरून येतं.

पातळपणा जात नव्हता. मग ठरवलं, श्रीखंडाला टांगतात तसं टांगून पाणी काढायचं. घरातली फडकी जुनी, हळदीची. शेजारच्या कारखान्यात जाऊन कापडाचा एक तुकडा मागितला. चांगलं सुती, लूमवरून नुकतंच उतरलेलं, कोरं करकरीत. मला वाटलं, याहून स्वच्छ काय असणार. पाण्यातून काढलं, दही बांधलं, मोरीवर टांगलं. पाणी गळता गळेना. उघडलं तर दही दिसायला लोण्यासारखं, पण बोटांना बुळबुळीत. मी म्हटलं, घट्ट झालं हे काय कमी आहे. वाटीत काढून बाबांपुढे ठेवलं.

त्यांनी चमचा उचलला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. मग फडकं मागितलं. ते हातात घेऊन अंगठ्याने चोळलं, वास घेतला आणि हसायला लागले. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खोकला लागला तरी थांबेनात.

"काय झालं?"

"खळ आहे ही. कोरं कापड खळीचं असतं. पूर्ण जिंदगी मी सुताला खळ पाजली आणि आता माझी पोरगी मलाच पाजतेय."

"मग त्यात असतं काय?"

"मक्याचं पीठ असतं, तेल असतं, आणि बाकी काय असतं ते सेठला माहीत. धुतल्याशिवाय बाजारात पण जात नाही ते."

जॉबरची मुलगी आणि एवढं कळलं नाही. पण आमच्याकडे कापड म्हणजे हेच असतं. ते ताग्यात दिसतं, टेम्पोत दिसतं. पुढे धुऊन निघाल्यावर त्याचं काय होतं ते आम्ही कधी बघितलेलं नसतं. बाबा त्या दिवशी स्वतः उठले. गॅसजवळ स्टूल घेऊन बसले, पातेल्यात सोडा घालून फडकं उकळलं, पाणी बदललं, परत उकळलं, पाण्यात बोटं फिरवून बुळबुळ गेली का बघत राहिले. मी मध्ये मध्ये केलं तर म्हणाले, "तू जा, हे माझं खातं आहे." मी बाहेरच्या खोलीत बसून त्यांच्या भांड्यांचे आवाज ऐकत राहिले. घरात त्यांचा असा आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

फडकं सुधारलं, दही गाळलं जायला लागलं. पण मूळ दही भुसभुशीतच. डब्यात ठेवलं की वर पाणी सुटायचं, पाणी सुटलं की आंबायचं. आणि मध्येच एखादं असं सुंदर लागायचं की मी डोकं खाजवत बसायचे. तेच दूध, तीच पुडी, तोच हात. मी शेळीवर संशय घेतला, पाल्यावर घेतला, पाण्यावर, फ्रिजवर, मेडिकलवाल्यावर. त्या दिवसांत माझ्याशी कुणी सरळ बोलायला गेलं की मी खेकसत होते.

माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. कामतघरात वाढलेल्या माणसाला शुक्रवारचीच सुट्टी खरी वाटते, कारण त्या दिवशी लूम बंद असतात. एका शुक्रवारी सकाळी, फ्रिजमध्ये ठेवलेलं गुरुवारचं दूध आटवून मी दही लावलं होतं आणि दुपारभर कपडे धूत होते. बाबा खाटेवर पडून होते. त्यांनी हाक मारली. उशाशी स्टुलावर त्यांचा पाण्याचा ग्लास होता, त्याच्याकडे बोट दाखवत होते.

"पाणी बघ."

"बदलून देऊ का?"

"अगं बदलू नको, बघ. थांबलंय."

ग्लासातलं पाणी स्थिर होतं. वर खिडकीचा चौकोन पडला होता, हलत नव्हता. "रोज पडून पडून बघतो मी," ते म्हणाले. "रोज यात बारीक बारीक गोल कडी फिरतात, दिवसरात्र. आज घर थांबलंय."

मी काहीतरी उत्तर दिलं आणि दही झालं का बघायला गेले. झाकण काढलं. दही वाटीच्या कडेला घट्ट धरून बसलेलं, वर पाण्याचा थेंब नाही. चमचा घातला तर वडी सुटावी तसं सुटलं. मी वाटी घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या समोर धरली. त्यांनी वाटी पाहिली, मग ग्लास पाहिला.

"मागचं चांगलं लागलेलं कधीचं होतं?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारचं," मी म्हटलं. म्हणेपर्यंत मला माहीत नव्हतं की मला ते आठवतंय.

फळी भिंतीत ठोकलेली. भिंतीपलीकडे लूम. गाईम्हशीचं दूध या खटखटीतही जमतं, दांडगं असतं. शेळीच्या दुधाची साय नाजूक, पकड नाजूक. जमायला लागलं की हलायचं, परत जमायला लागलं की परत हलायचं. इतकी वर्षं मी त्या फळीखाली जेवले, अभ्यास केला, वेणी घातली आणि ती थरथरते हे माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. बाहेरच्या कुणालाही पहिल्या दिवशी कळलं असतं.

बाबा उठून बसले. बिघडलेल्या लूमसमोर बसायचे तसेच, हनुवटीवर हात ठेवून. मी म्हटलं, छताला शिंकं टांगू. त्यांनी मान हलवली, छत पण त्याच भिंतीवर आहे. मग म्हणाले, शेजारून वेस्टेज आण. वेस्टेज म्हणजे लूमच्या खाली पडणारा सुताचा गुंता. मी गेले तर सेठच्या मुलाने पोतंच पाठवलं. "चाचा इतने का करेंगे क्या?" असं विचारत तो स्वतः मागोमाग आला. बाबा म्हणाले, "दही का बिस्तर बना रहा हूँ." मग त्यानेच खाली बसून गुंता पिंजून दिला.

एका मोठ्या टोपलीत खाली जुनी गोधडी, वर सुताचा गुंता, मधोमध खळगा. खळग्यात दह्याचं भांडं. बाबांनी भांड्याच्या झाकणावर पाण्याची वाटी ठेवली आणि डोळे बारीक करून पाण्याकडे बघत बसले. पाण्यात कडी दिसली की सूत अजून घालायचं, गोधडीची आणखी एक घडी टाकायची. पाणी थांबेपर्यंत हे चाललं. सुतामुळे ऊबही धरली गेली, ते फुकटात मिळालं. "जंतू म्हणजे कामगारच," बाबा मला सांगायला लागले. "ऊब द्या, खायला द्या, डोक्यावर खटखट करू नका. काम होतं."

एक गोष्ट मात्र माझी. आमच्या गोदामात थंड मालाच्या खोलीचं दार सारखं उघडू देत नाहीत. मी मोठं भांडं बंद केलं आणि छोट्या झाकणाच्या डब्यांमध्येच दही लावायला लागले. उकळलेल्या पाण्यातून काढलेल्या डब्या, एक डबी एका दिवसाची, वर दोनतीन अडीअडचणीला. जमलं की लगेच फ्रिजमध्ये, अगदी आत, पाण्याच्या पातेल्यात बसवून, म्हणजे लाइट गेली तरी गारवा धरून राहतो. दाराच्या कप्प्यात नाही. एकदा उघडली की संपवायची. थोडी घट्ट खायची इच्छा झाली तर ती एक डबी फडक्यात ओतायची. बाबांनी यावर काही टीका केली नाही, म्हणजे त्यांना पटलं.

पुढचा कोरडा आठवडा आला. रोज एक डबी उघडायचे आणि उघडताना श्वास धरायचे. शेवटच्या दिवशीची डबी जरा आंबट होती, पण स्वच्छ आंबट, आणि वर पाणी नव्हतं. बाबांनी भातात कालवली आणि बोटं चाटली. मग आठवडे गेले. डॉक्टरीणबाई काट्याकडे बघून "हं" म्हणाल्या. घड्याळ मनगटाकडे उतरायला लागलं. मी देवाला फार काही मागणारी बाई नाही, पण त्या दिवसांत सकाळी गोदामाच्या बसमध्ये बसले की आपोआप हात जोडले जायचे. समोर कुणाची मूर्ती यायची असं विचाराल तर एक शेळी यायची.

उन्हाळा लागला. आमच्या जोडीच्या शिफ्टचा आठवडा सुरू झाला आणि मावशी आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या पाड्यावरची एक मुलगी आमच्या लाइनवर होती, तिने सांगितलं. मावशी तापाने फणफणल्या होत्या, सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं, सुया दिल्या. ताप गेला. आता घरी आहेत, पण पोटात काही राहत नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी मी चहा करायला उठले तर ते फ्रिजसमोर बसलेले. उरलेल्या डब्या एकेक काढून मावशींच्या कडीच्या डब्यात रचत होते. तो डबा गेल्या वेळेपासून आमच्याकडेच राहिला होता.

"हे काय चाललंय?"

"डबा मोकळा द्यायचा नसतो."

"गूळ देऊ. फळं देऊ. हे तुमचं आहे. दूध बंद झालंय, एवढ्याच राहिल्यात. तुम्ही काय खाणार?"

"पेज."

"पेज राहत नाही तुम्हाला."

"बघू."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढ्या महिन्यांचं सगळं परत बादलीत जाईल, मग डॉक्टरीणबाई ॲडमिट करा म्हणतील, मग तुम्ही जाणार नाही म्हणाल, मग मी काय करू, असं सगळं. बाबांनी मला बोलू दिलं. मी दमल्यावर म्हणाले, "तिच्या पिलांच्या तोंडचं तिने मला दिलं. मी माझं कुठे देतोय, तिचंच तिला देतोय." मग त्यांनी डब्याला ओलं फडकं गुंडाळलं, वर सुताचा गुंता बांधला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आणि जीपमध्ये मांडीवर घे. खाली ठेवू नको."

पडघ्यापर्यंत रिक्षा, पुढे जीप, पुढे चालत. ऊन मी म्हणत होतं. रस्ता असा की माझीच आतडी हलली. डबा मी लहान मुलासारखा धरला होता आणि मनातल्या मनात बाबांशी भांडत होते.

मावशी ओसरीवर चटईवर पडल्या होत्या. डोळे आत गेलेले, हाताची काडी झालेली. बाबांची तीच अवस्था पाहिली असल्याने मला सगळं ओळखीचं वाटलं. त्यांची सून बाजूला बसली होती. अंगणात शेळी बांधलेली, पिलं चांगली मोठी झालेली, कुंपणाचा पाला ओढत होती. मी डबा उघडला. एक डबी काढली. झाकण काढलं. इतक्या उन्हातून, इतक्या खड्ड्यांतून, दही जसंच्या तसं बसलं होतं. कडेला चीर नाही, वर पाणी नाही.

मावशींनी मान उचलून पाहिलं. "हा माझ्या शेलीचा?"

"तुमच्याच शेळीचं."

त्यांनी बोटाने थोडं घेतलं आणि तोंडात धरून ठेवलं. इतकी वर्षं शेळ्या पाळल्या, त्यांच्या दुधाचं दही त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. मग गिळलं. म्हणाल्या, "आंबट न्हाय." मी सुनेला सांगितलं, मऊ भातात थोडं थोडं द्या. ती भरवत होती आणि मी बाजूला बसून होते. ते बसणं मला चांगलं माहीत होतं. शेळी ओरडली, पिलं पाला खाऊन सावलीत येऊन बसली. मावशींनी काही बाहेर टाकलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आजून जरासा दे."

मी निघाले तेव्हा उरलेल्या डब्या सुनेकडे दिल्या होत्या, पाण्याच्या मडक्यात कशा ठेवायच्या ते सांगितलं होतं. कडीचा डबा घासून ओसरीच्या कडेला ठेवला. तर मावशी पडल्या पडल्या सुनेला म्हणाल्या, "डबा मोकला न्हाय जाया पायजे." सून शेळीजवळ गेली. मी नको नको म्हटलं, पिलांचं आहे म्हटलं. मावशींनी हात हलवला. "पिला आता पाला खातान. दूध आता हाय ना."

घरी पोचले तेव्हा कारखाना बंद होता आणि गल्ली शांत होती. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. माझं लक्ष पहिल्यांदा मोरीतल्या बादलीकडे गेलं. ती कोरडी होती. बाजूला पेजेचं पातेलं घासून पालथं घातलं होतं.

"राहिली?" मी विचारलं.

"राहिली." आणि लगेच त्यांनी विचारलं, "तिला?"

"राहिलं."

त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, हातावर एकदा तोलून पाहिला. गॅसजवळ स्टूल ओढून बसले, दूध पातेल्यात ओतलं आणि आच बारीक केली. मी डब्या उकळायला ठेवल्या. रोजच्या हिशेबाने काढल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "दोन घरांच्या काढ."